सरांच्या डब्यातली चोवीस मिनिटे

स्मरणिकेत शाळेच्या जुन्या दिवसांवर एक लेख हवा असे ठरले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. कारण एवढेच, की आपल्या चित्रकलेच्या सरांनी काढलेल्या फिल्मचा डबा सध्या माझ्या तुर्भ्याच्या घरी आहे. मी काही इतिहासाचा माणूस नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली, निवृत्त झालो. मार्च १९७८ च्या दहावीतल्या बहुतेकांना मी आठवत असेन तो बिघडलेली घड्याळे उघडून बसणारा म्हणून. तेव्हा इतिहास थोडा आणि खटपट जास्त, अशा बेताने हा लेख वाचावा.

सरांचे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून आणलेला चावीचा कॅमेरा सरांकडे होता, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. गॅदरिंगला, सहलीला, झेंडावंदनाला सर तो गळ्यात अडकवून यायचे. आपण समोर जाऊन उभे राहायचो आणि सर ओरडायचे, "उभे राहू नका, काहीतरी करा!" त्या फिल्म आपल्याला कधी बघायला मिळाल्या नाहीत. सरांकडे प्रोजेक्टर नव्हता, तो एका ओळखीच्या डॉक्टरांकडून मागून आणावा लागे. सर गेल्यानंतर काकूंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. आत सात रिळे होती. प्रत्येकाच्या खोक्यावर सरांच्या कट-निबच्या अक्षरात दोन-तीन शब्द: "१५ ऑगस्ट", "सहल", "लेझीम", "गच्चीवरून". साल मात्र एकावरही नाही. अक्षर इतके देखणे, पण तारीख घालायची सवय नाही. चित्रकार माणूस!

डब्याचे झाकण काढले तेव्हा आंबूस वास आला, व्हिनेगरचा असतो तसा. या वासाला फिल्मच्या जगात फार वाईट अर्थ आहे.

जुन्या सिनेमांची फिल्म नायट्रेटची असे. ती पटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची कितीतरी रिळे जळून गेली. घरगुती वापराच्या फिल्मसाठी मात्र पहिल्यापासून ॲसिटेट वापरले गेले, कारण घरात कंदील असतो, स्टोव्ह असतो, मुले असतात. ॲसिटेट तसे पेटत नाही, पण ते आंबते. हवेतला ओलावा आणि उष्णता यांनी त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटू लागते, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच. एकदा ते सुटले की त्याच्यामुळेच पुढचे कुजणे अधिक वेगाने होते, आणि शेजारच्या चांगल्या रिळालाही लागण होते. फिल्म आकसते, कडक होते, वळते आणि शेवटी चित्राचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. या रोगाचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १९४८ च्या सुमारास ट्रायॲसिटेटची सुधारलेली फिल्म आली. दहा वर्षांच्या आत ती खराब होत असल्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली, ती भारत सरकारकडून. इथल्या उष्ण, दमट हवेत ठेवलेली रिळे होती ती. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या ॲसिटेट फिल्मला हा रोग जडायला सुमारे ४० वर्षे लागतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. तुर्भ्याला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि जूनपासून पुढे चार महिने भिंतींनाही घाम फुटतो. २१ अंश आपण इथे कधी बघतो? सरांची रिळे पन्नास वर्षे टिकली हेच नवल.

आता थोडे मागे जाऊ, कारण फिल्म हरवणे म्हणजे काय हे मराठी माणसाइतके कोणाला कळू नये. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्तीचे चित्रण केले. रँग्लर परांजपे १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचेही केले. आपल्याकडची ही अगदी पहिली चित्रणे. त्यांतले आज काहीही उरलेले नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनला लागला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे पुण्याच्या संग्रहालयात आहे, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक म्हणतात. फाळके १९४४ मध्ये नाशिकला वारले. संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. मधली वीस वर्षे ही रिळे सांभाळणे हे कोणाचेच काम नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाची ही कथा, तर तुर्भ्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांच्या फिल्मची काळजी कोण करणार? सरकारचा फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून चित्रण करीत होता. त्यांचे माहितीपट आपणही शाळेच्या पटांगणात पांढऱ्या कापडावर पाहिले आहेत, पुढे बसलो तर मान दुखायची. त्यांत धरणे होती, पोलादाचे कारखाने होते, टोचायला येणाऱ्या नर्सबाई होत्या. आपली शाळा असायचे काही कारणच नव्हते. ती आहे फक्त या डब्यात.

म्हणून हे काम घरीच करायचे ठरवले. बाहेर दिले असते तर एखादा कुशल माणूस मिळालाही असता, पण आंबलेली फिल्म कुरिअरने पाठवायची या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला.

घरच्या साधनांनी फिल्मशी झुंजणे आपल्याकडे नवे नाही. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई. ती भोके दादरच्या घरी अंधारात पाडली जात, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. भांडवलदाराला पटवण्यासाठी फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसामागून दिवस, थोड्या थोड्या फ्रेम घेऊन टिपली. माझ्या टेबलावर जे चालते ते त्याचेच भावंड आहे: एक फ्रेम पुढे, थांबा, एक फोटो.

तयार यंत्रेही बाजारात मिळतात. रीळ लावायचे, बटण दाबायचे, ते सेकंदाला दोन फ्रेम उचलते. धडधाकट फिल्मसाठी ती ठीक आहेत. ओळखीच्या एकाकडून असे यंत्र मागून आणले होते. पण सरांची फिल्म आकसलेली. भोकांमधले अंतर कमी झाल्यामुळे यंत्राचा दाता भोकात नीट बसेना आणि चित्र वर-खाली नाचू लागले. अजून पाच मिनिटे चालवले असते तर भोके फाटली असती. भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवून मोबाइलने चित्रण करण्याचा सल्ला तर घरटी एकाने दिला. त्यात चित्र लुकलुकते, मध्ये उजळ आणि कडेला काळोखी येते, शिवाय प्रोजेक्टरच्या दिव्याची उष्णता आणि दात्यांचा ओढा कुजत्या फिल्मला सोसत नाही. आंबूस वास येणारी फिल्म प्रोजेक्टरवर कधीही चढवू नये.

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक जुना आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर मिळाला. दिवा गेलेला, म्हणून स्वस्त. दिवा मला नकोच होता. त्या जागी पांढरा एलईडी आणि पुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा बसवला. मोटर काढून गिअरची संथ मोटर लावली. फिल्म पुढे ओढणारा दाता घासून बारीक केला. प्रोजेक्टरच्या मुख्य दांड्याचा एक फेरा म्हणजे एक फ्रेम, म्हणून दांड्यावर चुंबक आणि शेजारी सेन्सर बसवला. चुंबक समोर आला की कॅमेऱ्याला इशारा जातो. फिल्म जिथून सरकते ती पितळी खिडकी आपल्या 'ब' तुकडीतल्या मित्राने एमआयडीसीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि फाइलवर करून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "सरांनी मला चित्रकलेत पास केलं होतं, फिटलं." लेन्स एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतल्या एन्लार्जरची, उलटी लावलेली. फ्रेम साधारण साडेचार बाय साडेतीन मिलिमीटरची असते, साबुदाण्याच्या दाण्याएवढी, त्यामुळे इतक्या जवळून फोटो घ्यायला तीच बरी पडते. कॅमेरा आवाज न करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक शटरचा घेतला. यांत्रिक शटरला इतके फोटो काढायला लावणे म्हणजे त्याचे आयुष्य एका उन्हाळ्यात संपवणे.

एक अडचण खास तुर्भ्याची. रात्री मार्केटकडे ट्रक सुरू झाले की जमीन बारीक थरथरते. आपल्याला ती सवयीने कळत नाही, लेन्सला कळते. कडप्प्याच्या जाड लादीखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे घातले, तेव्हा चित्र स्थिर झाले. तरीही काम दुपारीच करायचो.

हिशेब असा. सातांपैकी पाच रिळे 'डबल एट' जातीची, दोन 'सुपर एट'. कोडॅकने १९३२ मध्ये आणलेल्या पहिल्या पद्धतीत १६ मिलिमीटर रुंदीची २५ फूट फिल्म कॅमेऱ्यातून एकदा एका कडेने जाई, मग रीळ उलटवून दुसऱ्या कडेने. धुतल्यावर ती उभी चिरून जोडत, म्हणजे ५० फूट आणि चार हजार फ्रेम होत. १९६५ मध्ये सुपर एट आले. त्यात फ्रेम मोठी, म्हणून ५० फुटांत ३,६००. रीळ उलटवताना उन्हाचा थोडा प्रकाश आत शिरायचाच. सरांच्या प्रत्येक डबल एट रिळाच्या बरोबर मध्यावर नारिंगी-पांढरा भडका दिसतो तो त्यामुळे. बघणाऱ्याला वाटते फिल्म जळाली. नाही, तिथे सर झाडाच्या सावलीत बसून रीळ उलटवत होते.

एका फ्रेमला दीड सेकंद, म्हणजे एका रिळाला पावणेदोन तासांच्या आसपास. सहा रिळे पार पडली. २३,६०० फोटो, सुमारे सहाशे जीबी, आणि पडद्यावर जेमतेम चोवीस मिनिटे. सरांचा कॅमेरा चावीचा. एकदा चावी दिली की अर्ध्या मिनिटाच्या आत संपायची, आणि फिल्म महाग. म्हणून एकेक दृश्य सात-आठ सेकंदांचे. त्यात "काहीतरी करा" याचा अर्थ मला साठीनंतर कळला.

गती ठरवण्यात दोन दिवस गेले. संगणकाच्या नेहमीच्या २५ फ्रेमच्या गतीने लावले तर हेडमास्तर चार्ली चॅप्लिनसारखे पळतात. डबल एटची रीत सेकंदाला १६ फ्रेमची. लेझीमच्या रिळावर ती ताडून पाहिली. पायांचा ठेका आणि हातांची झेप १६ वर जुळली. चावी उतरत आली की कॅमेरा जरा मंद होई, म्हणून प्रत्येक दृश्याच्या शेवटी माणसे किंचित घाईत दिसतात. ते मी तसेच ठेवले आहे.

रंगांचे आश्चर्य वाटले. दोन रिळे कोडाक्रोमची निघाली आणि त्यांतले लाल-निळे रंग काल रंगवल्यासारखे आहेत. कोडाक्रोम अंधारात ठेवले तर रंग सोडत नाही. पण ते धुण्याची प्रक्रिया इतकी अवघड, की अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ते घेणे बंद केले. आज कोणाच्या घरी चित्रण करून न धुतलेले कोडाक्रोम सापडले, तर त्याचे रंग आता परत येणार नाहीत.

आता सालाची गोष्ट. कोडॅकच्या फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात. त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळते, पण त्या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येत. "१५ ऑगस्ट"च्या रिळावरची खूण १९५२ ची किंवा १९७२ ची. १९५२ मध्ये आपली शाळाच नव्हती. म्हणजे फिल्म १९७२ ची, चित्रण त्या वर्षी किंवा नंतर. रिळात पानाफुलांची एक कमान आहे. बाईंना मी घरी जाऊन लॅपटॉपवर दाखवले. त्या ठामपणे म्हणाल्या, "ही कमान नव्या वर्गांच्या उद्घाटनाची, मला चांगलं आठवतंय." मी चित्र थांबवून मोठे केले. कमानीच्या माथ्यावर झेंडूच्या फुलांनी आकडा काढला होता: २५. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव, १५ ऑगस्ट १९७२. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, मग पाऊस असणार. माझी छत्री दाखव." पुढच्याच दृश्यात त्या छत्री घेऊन होत्या. आपण पाचवीत होतो. तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला एक मुलगा झेंड्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतो आहे. नाव इथे देत नाही, त्याला स्वतःला ओळखू द्या.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे अकरा सेकंद "सहल"च्या रिळात निघाले. गाडी सुटण्याआधी सरांनी शाळेच्या दारात चित्रण केले आणि त्यात घंटेवाले मामा आहेत. रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके देतात, मागे वळतात, हसतात, हात पुसतात. १७६ फ्रेम. शाळेचे ग्रुप फोटो मी सगळे धुंडाळले. खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर आपण, मामा एकातही नाहीत. फोटो काढताना खुर्च्या त्यांनीच लावलेल्या असणार. त्यांच्या मुलीकडे लग्नाआधीचा त्यांचा एकही फोटो नव्हता. तिला मी मधल्या एका फ्रेमचा मोठा छाप करून दिला.

"गच्चीवरून" या रिळात माणसे जवळजवळ नाहीतच. सरांनी कॅमेरा हळूहळू फिरवला आहे. डोंगर, रस्ता, कारखान्यांची धुराडी, गाव, भातखाचरे, खाडीकडची चमक. शासनाने नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरवले आणि सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली. वाशीचा खाडीपूल १९७३ चा. म्हणजे सरांनी हे चित्रण केले ते जमीन कागदावर गेलेली, पण डोळ्यांना अजून दिसत होती त्या दिवसांत. आपला गावातला एक मित्र हे बघायला आला. एका बांधावरच्या ताडाच्या झाडापाशी त्याने थांबवायला सांगितले. "हे आमचं," म्हणाला. त्याच्याकडे सातबारा आहे, मोबदल्याचे कागद आहेत, पुढे साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या भूखंडाचेही आहेत. खाचर कसे दिसायचे ते मात्र त्यांतल्या एकाही कागदात नाही. बांध नेमका कुठे वळायचा यावर त्याचे आणि त्याच्या भावाचे आयुष्यभर दुमत होते. भाऊ आता नाही. ताडाच्या उजवीकडे वळायचा, भावाचे बरोबर होते.

अनेकांनी सुचवले, की संगणकाच्या नव्या हुशारीने चेहरे स्पष्ट करून घे. करून पाहिले. मामांचा चेहरा गुळगुळीत झाला, दात सरळ झाले, आणि ते दुसरेच कोणीतरी झाले. साबुदाण्याएवढ्या चित्रात जे नाही, ते संगणक आपल्या मनाने भरतो. म्हणून मूळ फोटो जसेच्या तसे तीन ठिकाणी ठेवले आहेत: एक प्रत माझ्याकडे, एक ठाण्याच्या मित्राकडे, एक शाळेच्या कार्यालयात. दाखवण्याच्या प्रतीत फक्त उजेड आणि थोडा रंग सावरला आहे, ओरखडे राहू दिले आहेत.

सातवे रीळ राहिले. सुपर एट, खोक्यावर काही लिहिलेले नाही, आणि वास सर्वांत उग्र त्याचाच. वेढे एकमेकांना चिकटले आहेत. जोर केला तर चित्राचा थर निघेल, म्हणून ते इतरांपासून वेगळे, हवा खेळेल अशा खोक्यात, सिलिका जेलबरोबर थंड जागी ठेवले आहे. ते सोडवणे घरच्या टेबलावरचे काम नाही. संग्रहालयाच्या दर्जाच्या प्रयोगशाळेकडे विचारणा चालू आहे. खर्च कळला की ग्रुपवर टाकेन.

तोवर एक विनंती. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील-काका कंपन्यांत, बंदरात, बोटीवर होते. माळ्यावर अशी रिळे असतील तर आधी फक्त वास घ्या. वास नसेल तर डांबराच्या गोळ्या न घालता, कोरड्या जागी, बंद पिशवीतून बाहेर काढून ठेवा. वास असेल तर चांगल्या रिळांपासून आजच वेगळे करा आणि मला फोन करा. यंत्र तयार आहे, दुपारी मी रिकामा असतो.

संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर चित्रकलेच्या वर्गात ही चोवीस मिनिटे दोनदा दाखवू. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा थांबत थांबत, कारण फिल्म मुकी आहे आणि एकतीस चेहऱ्यांची नावे अजून कळलेली नाहीत. पुढची रांग सर आणि बाईंसाठी राखून ठेवली आहे, प्रत्येक खुर्चीपाशी माइक असेल. ज्याला जो ओळखू येईल त्याने मोठ्याने नाव घ्यावे, आवाज ध्वनिमुद्रित होईल. काकू येणार आहेत.